भिंत आधी मोजा, चित्रं मग मागवा

कला महाविद्यालयात वार्षिक प्रदर्शनाची तारीख ठरली की फलकावर पहिली सूचना लागते ती ‘प्रत्येकाने आपली दोन उत्कृष्ट कामं जमा करावीत’ अशी. पुढच्या निम्म्या अडचणी या एका वाक्यातून जन्म घेतात. हिशेब मांडून बघा. साठ विद्यार्थ्यांची दोन-दोन म्हणजे १२० कामं. एका कामाची सरासरी रुंदी ७५ सेंटिमीटर धरली आणि दोन कामांत ४० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली, तर १३८ रनिंग मीटर भिंत लागते. २० बाय १२ मीटरच्या दालनाच्या चारही बाजू मिळून ६४ मीटर. त्यातून दारं, खिडक्या, स्विचबोर्ड, अग्निशामक सिलिंडर यांची जागा वजा केली की हाती लागते साधारण ५० मीटर. २.४ मीटर रुंदीची आठ पार्टिशन पॅनल दोन्ही अंगांनी वापरली तर आणखी ३८. म्हणजे ८८ मीटर, आणि त्यावर बसतात ७६ कामं. उरलेल्या ४४ कामांचं काय, हा प्रश्न मांडणीच्या आदल्या रात्री उभा राहतो आणि तेव्हा त्याचं एकच उत्तर निघतं, अंतर कमी करा. चाळिसाचे वीस होतात, विसाचे दहा, आणि सकाळपर्यंत भिंत नोटीसबोर्डासारखी दिसू लागते.

म्हणून आम्ही आधी टेप घेऊन दालनात जातो. उद्घाटनाच्या आठ आठवडे आधी दालनाचा नकाशा १:५० या प्रमाणात काढायचा. त्यात भिंतीची लांबी-उंची तर हवीच, पण प्लग पॉइंट कुठे आहेत, कुठल्या भिंतीच्या पोटातून वायर गेली आहे, दुपारनंतर ऊन कुठे येतं आणि ओल कुठे आहे हेही हवं. मग विभागांना कामांची संख्या नाही, मीटर वाटून द्यायचे. पेंटिंगला ३५, उपयोजित कलेला २०, प्रिंटमेकिंगला (प्लेटवरून किंवा ठोकळ्यावरून हाताने छाप काढण्याच्या कलेला) १५, पायाभूत वर्गाला १०. उरलेले आठ कुणालाच द्यायचे नाहीत. ते शेवटच्या दोन दिवसांत आपोआप लागतात. आपल्या मीटरात किती आणि कोणती कामं लावायची हे ज्या त्या विभागाने ठरवायचं. वाद होतातच, पण ते दीड महिना आधी कागदावर होतात, शिडीवर उभं राहून होत नाहीत.

निवड मोबाइलवरच्या फोटोंवरून करू नये. फोटोत ३० सेंटिमीटरचं आणि दोन मीटरचं चित्र एकाच मापाचं दिसतं, आणि रंगाचा थर तर कळतच नाही. कामं प्रत्यक्ष भिंतीला टेकवून तीन जणांनी बघावीत, त्यातला एक दुसऱ्या विभागाचा असावा. अंतिम कामासोबत दोन-चार कच्ची रेखाटनं मागवून घेणं फार उपयोगी पडतं. बाहेरून आलेला माणूस कला महाविद्यालयात येतो तो चित्र कसं होतं हे बघायला. तयार चित्रं त्याला गॅलरीतही मिळतात.

जमा करताना प्रत्येक कामाच्या मागे पेन्सिलीने क्रमांक, नाव, वर्ग आणि वरची बाजू दाखवणारा बाण असायला हवा. अमूर्त चित्राच्या बाबतीत बाण नसला तर ते उलटं लागण्याची शक्यता खरीच असते. घेतानाच समोरून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढायचे आणि जमा पावतीवर ‘डावा खालचा कोपरा चेपलेला’ अशी नोंद करायची. परत देताना निम्मे वाद या एका ओळीने मिटतात.

तैलरंगाचं काम शेवटच्या आठवड्यात पूर्ण करून आणण्याची विद्यार्थ्यांना भारी हौस. पातळ थर हाताला सुका लागायला काही दिवस ते दोन आठवडे जातात. अंबरसारखे मातकट रंग लवकर सुकतात, टायटॅनियम व्हाइट रेंगाळतो आणि नाइफने लावलेला जाड थर आत कित्येक महिने ओला राहतो. अशा चित्रावर बबल रॅपचे फुगे आतल्या बाजूने गुंडाळले तर रंगावर गोल-गोल ठसे उठतात, आणि ते जात नाहीत. फुगे बाहेर ठेवायचे, किंवा त्याहून बरं म्हणजे चित्राच्या कडांवर पुठ्ठ्याचे कोपरे चढवून पृष्ठभागाला काहीच लागू द्यायचं नाही. अॅक्रिलिक लवकर सुकतं म्हणून निर्धास्त राहू नये. उष्ण हवेत ते मऊ पडतं आणि प्लास्टिकला चिकटतं. दोन कॅनव्हास समोरासमोर ठेवून बांधले तर सोडवताना रंगाचे पापुद्रे निघतात.

कागदावरच्या कामांना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लागतो. तीन बाजूंना सात सेंटिमीटर आणि खाली आठ ठेवले की चित्र घसरल्यासारखं वाटत नाही. चित्र माउंटला फक्त वरच्या बाजूने, कागदी टेपच्या दोन बिजागऱ्यांनी अडकवायचं. चारही बाजू चिकटवून टाकल्या तर दमट हवेत कागद फुगतो, त्याला पसरायला जागा मिळत नाही आणि मधोमध लाट येते. साध्या सेलो टेपचा डाग काही महिन्यांत पिवळा होऊन पुढे उतरतो. चारकोल आणि पेस्टलला फिक्सेटिव्हचे, म्हणजे भुकटी धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे, दोन हलके हात, तेही उघड्यावर, आणि काच व कागद यांच्यात माउंटची जाडी हवीच. काचेऐवजी अॅक्रिलिक शीट लावली तर तिच्यातली स्थिर वीज पेस्टलची भुकटी ओढून घेते आणि चित्राची धूसर सावली शीटवर उमटते. जलरंगाला अॅक्रिलिक चालतं, पेस्टलला नाही.

प्रिंट फ्रेमशिवाय लावायच्या असतील तर चुंबक वापरतो. सपाट डोक्याचा लोखंडी खिळा भिंतीत, त्यावर प्रिंटचा कोपरा, वर कागदाचा बारीक तुकडा आणि मग छोटं पण जोरदार चुंबक. कागदाला भोक पडत नाही. खाली पेन्सिलीने लिहिलेला एडिशनचा आकडा, समजा ३/१५ (पंधरा प्रतींपैकी तिसरी), आणि सही माउंटखाली झाकली जाऊ नये. बघणारे तो आकडा काय म्हणून हमखास विचारतात, आणि प्रिंट म्हणजे छापखान्यातली प्रत नव्हे हे सांगायची तीच संधी असते.

आता मांडणी. नकाशावर कागदाचे कपटे सरकवून झाले की खरी कामं आपापल्या भिंतीखाली फोमच्या तुकड्यांवर टेकवून एक संध्याकाळ नुसती ठेवायची. ड्रिल कपाटात कुलपात. त्या संध्याकाळी शेजार कळतो. निसर्गचित्रं ओळीत असली आणि प्रत्येकाची क्षितिजरेषा वेगळ्या उंचीवर असली तर सगळी भिंतच कलल्यासारखी दिसते. व्यक्तिचित्रातला चेहरा दाराकडे किंवा कोपऱ्याकडे बघत असेल तर प्रेक्षकाची नजरही त्याच्यासोबत बाहेर जाते. त्याला आत वळवायचं. एखाद्या चित्रातला तांबडा ठिपका शेजारच्या करड्या चित्राला गिळून टाकतो. लंडनच्या रॉयल अकादमीत १८३२ साली चित्रकार टर्नरचं समुद्रचित्र त्याच्या समकालीन कॉन्स्टेबलच्या रंगीत, झगमगत्या चित्राशेजारी लागलं, तेव्हा टर्नरने उद्घाटनाआधी चित्रांवर शेवटचा हात फिरवायला दिलेल्या व्हार्निशिंगच्या दिवसांत येऊन आपल्या करड्या समुद्रावर लाल रंगाचा एक ठिपका ठेवला आणि नंतर त्याला तरंगत्या बोयाचा आकार दिला. आता विद्यार्थी भिंतीवर चढवलेल्या चित्राला हात लावत नाहीत, निदान दिवसाढवळ्या नाही. पण शेजार बदलायचा अधिकार मांडणी करणाऱ्याच्या हाती असतो आणि त्याने तो वापरावा.

उंचीवरून होणारी भांडणंही जुनीच आहेत. याच अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनात, जे १७६९ पासून चालू आहे, चित्रं चौकटीला चौकट भिडवून छतापर्यंत लावत. चित्रकार गेन्सबरोने १७८४ मध्ये आपलं राजकन्यांचं चित्र फार वर लागतंय म्हणून सगळीच चित्रं परत घेतली आणि पुन्हा तिथे कधी लावली नाहीत. आज बहुतेक ठिकाणी चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५५ सेंटिमीटरवर ठेवतात. आम्ही १५० धरतो आणि संपूर्ण दालनात तोच ठेवतो. लहान-मोठी चित्रं वरच्या कडेला जुळवण्याचा मोह टाळायचा. मध्य जुळला की ओळ आपोआप बसते.

खिळा कुठे ठोकायचा याचं गणित एकदा हातात बसलं की शिडीवरची चढ-उतर निम्मी होते. चित्राच्या उंचीचा निम्मा भाग १५० मध्ये मिळवायचा आणि त्यातून तारेचा झोल वजा करायचा. झोल म्हणजे तार मधोमध बोटाने वर ओढून ताणली की तिच्या टोकापासून चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत राहणारं अंतर. चौकट ८० सेंटिमीटर उंच आणि झोल ७ असेल तर १५० अधिक ४० वजा ७, म्हणजे १८३ सेंटिमीटरवर खिळा. झोल प्रत्येक चित्राचा स्वतंत्र मोजावा लागतो, कारण तार ज्याने-त्याने आपापल्या मनाने बांधलेली असते. ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद चौकटीला तारेऐवजी मागे दोन डी-रिंग (इंग्रजी D च्या आकाराच्या कड्या) आणि भिंतीत दोन हुक बरे. एका खिळ्यावरचं चित्र दार आपटलं तरी तिरकं होतं. दोन हुकांवरचं हलत नाही.

आडव्या अंतराचं गणितही असंच. ६ मीटरच्या भिंतीवर ६० सेंटिमीटरची पाच चित्रं लावायची तर ३ मीटर उरतात आणि मोकळ्या जागा होतात सहा. प्रत्येकी ५० सेंटिमीटर. पण कोपऱ्याकडची जागा सारखीच ठेवली तर पहिलं आणि शेवटचं चित्र भिंतीबाहेर सरकल्यासारखं वाटतं, म्हणून कोपऱ्यांना ७० आणि मधल्या चार जागांना ४० देतो. बेरीज तीच, ३ मीटर. लेव्हल लेझरने घ्यावी. दोरा आणि पाण्याची लेव्हल असेल तरी चालतं. जुन्या इमारतीत जमीन आणि छत दोन्ही तिरकी असतात आणि मग लेव्हलला बरोबर असलेलं चित्र डोळ्याला वाकडं दिसतं. जवळ छताची पट्टी किंवा दाराची चौकट असेल तर डोळा तिच्यावर विश्वास ठेवतो, बुडबुड्यावर नाही. अशा वेळी आम्ही डोळ्याच्या बाजूने निकाल देतो.

विटांच्या भिंतीत प्लग आणि स्क्रू बसतात. जिप्समच्या भिंतीत साधा प्लग गरगर फिरतो, तिथे पंख उघडणारे अँकर लागतात किंवा आतली पट्टी शोधावी लागते. सुटी पार्टिशन पॅनल सरळ रेषेत उभी केली तर एका धक्क्यात सगळी रांग आडवी होते. ती नागमोडी उभी करून एकमेकांना बोल्टने जोडायची आणि पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. एका अंगाला जड चित्रं असतील तर दुसऱ्या अंगालाही तेवढाच भार हवा.

शिल्पासाठी पेडस्टलची उंची शिल्पावरून ठरते, पेडस्टलच्या उपलब्धतेवरून नाही, जरी प्रत्यक्षात उलटंच होतं. मस्तकशिल्पाला ११० सेंटिमीटर बरे, आडव्या बसक्या शिल्पाला ७०. पोकळ पेडस्टलच्या आत तळाशी वाळूची पिशवी, आणि हलक्या शिल्पाच्या तळाला मेणाच्या चार गोळ्या. चहूबाजूंनी एक मीटर तरी जागा हवी, नाहीतर शिल्प मागून कुणी बघतच नाही. सर्वांत जास्त धोका असतो तो शेजारच्या चित्राचा फोटो घेण्यासाठी मागे-मागे सरकणाऱ्यांचा आणि पाठीवर सॅक असलेल्यांचा. मोठ्या चित्रासमोर तीन मीटरच्या आत शिल्प ठेवायचं नाही, हा नियम आम्ही कधी मोडत नाही. कच्च्या मातीचं काम दालनाच्या मध्ये नको, कोपऱ्यात. वाटा १२० सेंटिमीटरच्या आणि चाकाची खुर्ची वळवायला कुठेतरी १५० सेंटिमीटरचा मोकळा चौरस हवा.

व्हिडिओ काम असेल तर प्रोजेक्टरचा थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले प्रतिमेची रुंदी, आधी बघावा. तो १.५ असेल आणि दोन मीटर रुंद प्रतिमा हवी असेल तर तीन मीटर अंतर लागणार. अडीच मीटरच्या खोलीत ती बसणार नाही, कितीही सेटिंग फिरवली तरी. फाइल पेन ड्राइव्हवरून रिपीटवर, शेवटी चार सेकंदांचा काळा पडदा, आणि यंत्राचा स्लीप टायमर बंद. आवाज शेजारच्या कामावर सांडतो, म्हणून हेडफोन दोन.

प्रकाशाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सर्वाधिक तडजोड होते. संग्रहालयात जलरंग, प्रिंट, कापड यांवर ५० लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) आणि तैलरंगावर साधारण २०० लक्स ठेवतात. कागद आणि रंगद्रव्यांची हानी तीव्रता आणि वेळ यांच्या गुणाकाराने होते, म्हणून दहा दिवसांच्या प्रदर्शनात कागदावर १०० ते १५० लक्स चालून जातात. ५० वर विद्यार्थ्यांचं पेन्सिलचं काम दिसतच नाही. मात्र खिडकीतून येणारं थेट ऊन हजारो लक्सचं असतं, आणि फ्लोरोसंट रंग किंवा साध्या मार्करची शाई त्यात झपाट्याने उडते. ती खिडकी झाकायचीच. स्पॉटलाइट उभ्या रेषेपासून ३० अंशांवर. त्याहून उभा प्रकाश पाडला की चौकटीची सावली चित्रावर उतरते, त्याहून आडवा पाडला की काचेत बघणाऱ्याचा चेहरा दिसतो. दिव्यांचा रंग सगळीकडे एकच हवा. एका बाजूला ३००० केल्विन (पिवळसर) आणि दुसऱ्या बाजूला ६५०० (निळसर) असेल तर एकाच विद्यार्थ्याचे दोन पांढरे दोन वेगळे रंग होतात. रंगदर्शन निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वर असलेले दिवे थोडे महाग पडतात, पण तांबडा रंग मेलेला दिसत नाही.

कॅप्शनवर नाव, शीर्षक, माध्यम, माप आणि वर्ष. मापात आधी उंची, मग रुंदी, शिल्प असेल तर शेवटी खोली. कॅप्शन चित्राच्या उजवीकडे, जमिनीपासून १२५ सेंटिमीटरवर, सगळीकडे त्याच उंचीवर. देवनागरी अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको आणि दोन ओळींत दीडपट जागा हवी. नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला धडकते. प्रवेशावरचा मजकूर व्हिनाइलमध्ये (चिकटणाऱ्या पातळ प्लास्टिकमध्ये) कापून घेणार असाल तर जाड फॉन्ट निवडा. बारीक मात्रा आणि अनुस्वार सोलताना फालतू व्हिनाइलसोबत निघून जातात, आणि मग ‘रंग’चा ‘रग’ होतो. फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृतींत, बदलून द्यायची, नाहीतर कापून देणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात. प्रूफ ज्या-त्या विद्यार्थ्याकडूनच वाचून सही घ्यावी. स्वतःच्या नावातली चूक त्याला जेवढी चटकन दिसते तेवढी कुणालाच दिसत नाही.

नग्न अभ्यासचित्रं लावायची तर मॉडेलची लेखी संमती प्रदर्शनासाठी वेगळी घ्यावी. वर्गासाठी दिलेली संमती पुरत नाही. ती चित्रं आतल्या खोलीत, दारावर स्पष्ट सूचना आणि फोटोला बंदी.

आता येणाऱ्यांसाठीचे कार्यक्रम. कला शिक्षणसंस्थेचं प्रदर्शन म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत हे १९२३ मध्येच जर्मनीतल्या वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेने दाखवलं होतं. त्यांनी वर्गातली कामं तर मांडलीच, शिवाय एक अख्खं नमुन्याचं घर बांधून दाखवलं आणि उद्घाटनाच्या सुमारास व्याख्यानं, संगीत आणि नृत्यनाट्य ठेवलं. आपल्याला घर बांधायचं नसलं तरी हातानं होणारं काम बघायला माणसं थांबतात, हे प्रत्येक वर्षी दिसतं.

सर्वाधिक गर्दी व्यक्तिचित्रणाच्या प्रात्यक्षिकाला. इथे बैठक चुकली की सगळं चुकतं. मॉडेल ४० ते ४५ सेंटिमीटर उंचीच्या चौथऱ्यावर, एकाच दिव्याच्या प्रकाशात. चित्रकार उजव्या हाताचा असेल तर त्याचा दंड आणि कोपर कॅनव्हासची उजवी बाजू झाकतात, म्हणून प्रेक्षक त्याच्या डाव्या खांद्यामागे कमानीत बसवायचे. डावरा असेल तर उलट. इझल इतकीच वळवायची की मॉडेल आणि कॅनव्हास एका नजरेत यावेत. मान डावी-उजवीकडे हलवावी लागली तर प्रेक्षक पंधरा मिनिटांत चुळबुळ करू लागतात. पहिली रांग जमिनीवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उभी. साठाच्या वर माणसं असतील तर कॅनव्हासवर रोखलेला कॅमेरा आणि बाजूला पडदा लागतो. कॅनव्हासवर वेगळा दिवा हवा, पण तो मॉडेलवर सांडला तर छाया भरून निघतात आणि चित्रकाराची पंचाईत होते.

मॉडेल बसल्याबरोबर पावलं, खुर्चीचे पाय आणि नजर टेकवायचा भिंतीवरचा बिंदू टेपने आखून घ्यायचा. वीस मिनिटांची बैठक, पाच मिनिटांची विश्रांती, असे पाच फेरे म्हणजे साधारण दोन तास. विश्रांतीनंतर मॉडेल आपोआप थोडं ढिलं बसतं आणि हनुवटी खाली जाते. ते चित्रकाराने सांगण्याआधी बाजूच्या विद्यार्थ्याने टिपावं. चित्रकाराला बोलायला लावू नये. काही जण रंगवता-रंगवता सुंदर बोलतात, पण बहुतेकांचा हात बोलताना थांबतो. एका शिक्षकाने माइक घेऊन ‘आता सावलीचे मोठे आकार जुळवतायत, डोळ्यांना अजून हात लावलेला नाही’ असं अधूनमधून सांगावं आणि गप्प बसावं. बंद दालनात टर्पेंटाइनचा वास डोक्यात जातो; वास नसलेला थिनर आणि उघड्या खिडक्या बऱ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं, अळशीच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत. तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं, उष्णता निर्माण होते, गोळ्याच्या आत ती कोंडते आणि काही तासांनी चिंधी आपोआप पेटू शकते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवायच्या.

प्रिंटमेकिंगच्या खोलीत दर अर्ध्या तासाला एक प्रिंट काढून दाखवायची, ठरलेल्या वेळी. कागद वीस-तीस मिनिटं भिजवून टिपकागदात दाबलेला, प्लेटवरची शाई पुसलेली, प्रेसवर ब्लँकेट सरळ केलेलं, म्हणजे लोक जमल्यावर चाक फिरवून कागद सोलायचा तेवढा उरतो. तो कागद सोलताना सगळे मोबाइल वर जातात. अॅसिडच्या खोलीला त्या दिवसांत कुलूप आणि प्रेसच्या चाकाजवळ एक माणूस कायम.

हाताने करून बघायला लिनोलियमचे आधी कोरलेले ठोकळे ठेवतो. गर्दीत, त्यातही मुलांच्या हाती, कोरण्याची हत्यारं देणं धोक्याचं. पाण्याची शाई, सहा टेबलं, प्रत्येकी दोघं, वीस मिनिटांचा फेरा. तासाला ३६ माणसं निघतात. शाई काचेवर रोलरने पसरवताना चरचर असा बारीक आवाज आला की ती बरोबर आहे. पचपच आवाज आला तर शाई जास्त, आणि ठोकळ्याच्या बारीक रेषा भरून जातात. लोक सगळं नीट करतात आणि मग रंगलेले हात घेऊन थेट चित्रांच्या दालनात शिरतात. म्हणून हात धुण्याची जागा बाहेर पडायच्या वाटेवरच हवी आणि ओल्या प्रिंट दोरीला चिमट्याने लटकवून नावाची चिठ्ठी लावून ठेवायच्या, जाताना न्यायला.

प्रदर्शनाच्या फेरीसाठी बारा ते पंधरा माणसं आणि सहा-सात कामं, चाळीस मिनिटं. विद्यार्थी मार्गदर्शक प्राध्यापकांपेक्षा चांगले ठरतात, कारण ते आपली धडपड सांगतात, कलेचा इतिहास नाही. चित्राच्या बाजूला उभं राहायचं, समोर नाही, आणि कॅप्शन वाचून दाखवायचं नाही. शाळेची चाळीस मुलं आली तर दहाचे चार गट. चित्र काढायला फक्त पेन्सिल, पेन नाही. जाड रंगाला हात लावण्याची इच्छा मोठ्यांनाही आवरत नाही, तेव्हा दाराजवळ रंगाचे, मातीचे, लाकडाचे नमुने ‘हात लावा’ म्हणून ठेवले की पुढचा त्रास बराच कमी होतो.

देखरेखीची पाळी दोन तासांची. त्याहून लांब झाली की विद्यार्थी मोबाइलमध्ये बुडतो. खुर्ची अशा कोपऱ्यात की दार आणि शिल्पं दोन्ही दिसावीत. अभिप्रायाच्या वहीत ‘छान’ सोडून काही मिळत नाही. तिच्या वर ‘कोणतं काम परत बघावंसं वाटलं?’ असा एकच प्रश्न लिहिला तर वाचण्याजोगं काहीतरी येतं.

उतरवण्याचं काम बंद होण्याच्या वेळेआधी सुरू करू नये, शेवटच्या तासात पाहुणे येतातच. आधी व्हिडिओची यंत्रं, मग चित्रं, मग शिल्पं. शिल्प नेताना दोघं, एक वाट मोकळी करायला. जमा पावती दाखवल्याशिवाय काम द्यायचं नाही, मित्राचं असलं तरी नाही. विकलेलं काम सर्वांत शेवटी आणि लेखी पोचपावतीवर. भिंतीतले प्लग पूर्ण काढून भोकं दोन हातांत पुट्टीने भरायची, कारण एकाच जाड हाताची पुट्टी सुकून आत खचते आणि रंगानंतर खळगा दिसतो. रिकामी पेडस्टल जमिनीला थेट टेकवून न ठेवता लाकडी पट्ट्यांवर ठेवायची. पेडस्टलच्या एमडीएफने (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीने) खालून ओल ओढली की कडा फुगतात आणि त्या पुन्हा सपाट होत नाहीत.